मेणाचा दात

१.

“वाटलं ते नको, घडलं ते सांगा,” वकीलबाई म्हणाल्या. “एका परिच्छेदात एकच गोष्ट, आणि प्रत्येकाला नंबर. मग समोरच्यांना प्रत्येक नंबरापुढं लिहावंच लागतं, मान्य की अमान्य. मोघम बोलून सुटता येत नाही.”

“आणि मला?”

“तुम्हालाही नाही.”

ती हसली. हसताना हात आपसूक ओठांवर गेला. एकावन्नाव्या वर्षीही ही सवय सुटली नव्हती. तिचा वरचा डावा पुढचा दात खोटा आहे हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं, आणि आलं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण हात जायचाच.

गेल्या महिनाभरात वकीलबाईंनी तिला सगळे रस्ते समजावून सांगितले होते. पोलिसांकडचा रस्ता ती बावीस वर्षांपूर्वीच चालून आली होती. पुरावा नाही म्हणून फाइल बंद झाली. तिथं शंकेला तसूभर जागा उरून चालत नाही. दिवाणी दाव्याचं तसं नसतं. असं घडलं असण्याचीच शक्यता जास्त, इतपत पारडं झुकलं तरी पुरतं. दावा त्या माणसावर करता येतो आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या संस्थेवरही. भरपाई मागता येते. सभागृहावरचं त्याचं नाव उतरवा, त्याला वसतिगृहाच्या आवारात पाऊल टाकू देऊ नका, असंही मागता येतं. स्वतःचं नाव झाकून नुसतं एक अक्षर लावता येतं.

“फरक एवढाच,” वकीलबाईंनी सांगितलं होतं, “फौजदारीत सरकार लढतं आणि तुम्ही साक्षीदार असता. इथं लढणार तुम्ही. ते तडजोड घेऊन आले तर घ्यायची की नाही, कुठं थांबायचं, सगळं तुम्हीच ठरवायचं.”

हे ऐकून मोकळं वाटायला हवं होतं. एकटं वाटलं. पण वाटलेलं लिहायचं नव्हतं.

२.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवतात. लॅबमध्ये त्यात प्लास्टर ओतून साचा काढतात, साच्यावर मेणानं दात नाहीतर हिरडी घडवतात, आणि मग मेण वितळवून त्या जागी पक्का माल भरतात. चौतीस वर्षं ती हेच करत आली. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिची कारागिरी होती आणि त्यातलं एकही माणूस तिला ओळखत नव्हतं. रस्त्यात कुणी मनमोकळं हसलं की तिची नजर आधी दातांवर जायची. हा आपला. हा आपला नाही.

राहायला लॅबच्या मागची खोली. एक खिडकी, एक खुर्ची. आधी दोन होत्या, पण दुसरीवर नुसते कपडेच बसायचे, म्हणून तिनं ती लॅबमध्ये नेऊन ठेवली.

३.

आई गेली, वडील बोटीवर नोकरीला. म्हणून दोघी बहिणींना वसतिगृहात ठेवलं. ती दहा वर्षांची, ताई तेरा. तिथले अधीक्षक एकेका मुलीला अभ्यासाची वही दाखवायला आपल्या खोलीत बोलवायचे. तिला दोन वर्षं बोलावलं. त्या खोलीत काय घडलं ते वकीलबाईंच्या कागदावर आहे आणि ते तिथंच राहू दे. इथं एवढंच, की बाराव्या वर्षी एका दुपारी ती हिसडा मारून सुटली आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर तोंडावर आपटली. वरचा डावा पुढचा दात अर्धा गेला.

सगळ्यांना सांगण्यात आलं, जिन्यावरून पडली. सांगणारी ताई होती.

४.

वहीतल्या या चौथ्या परिच्छेदात नुसतं वाटलेलं होतं, दीड पान भरून. वकीलबाईंनी ते दोनदा वाचलं, पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, “हे कोर्टाला नको. हे माझ्याजवळ राहील.” त्या जागी पुढं एका साच्याची गोष्ट आली. ती कळेलच.

५.

दाव्याआधी वकीलबाईंनी संस्थेला नोटीस पाठवली होती. तिचं उत्तर चांगल्या जाड कागदावर आलं.

“सदर विद्यार्थिनीस कोणतीही इजा झाल्याची नोंद वसतिगृहाच्या नोंदवहीत आढळत नाही. मुलींना दवाखान्यात नेण्याचे काम मेट्रन पाहत असत. अधीक्षक कोणत्याही मुलीस घेऊन कधीही आवाराबाहेर गेलेले नाहीत.”

“जिनासुद्धा गेला की,” ती म्हणाली. “तेव्हा निदान जिना तरी होता.”

वकीलबाई हसल्या नाहीत. इतक्या जुन्या प्रकरणांसाठी नव्या कायद्यानं दोन वर्षांची मुदत दिली होती, ती येत्या शुक्रवारी संपत होती. आज सोमवार.

“नुसत्या तुमच्या शब्दावर दाखल करता येईल,” त्या म्हणाल्या. “पण पहिल्याच तारखेला ते म्हणणार, यात काही दम नाही, काढून टाका. मला एक तरी आधार द्या. माणूस द्या, नाहीतर वस्तू.”

“माणूस आहे,” ती म्हणाली. “बहीण.”

६.

“धर,” म्हणून ताईनं चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली.

गच्चीवर दोरीभर चादरी वाळल्या होत्या. लहानपणी वसतिगृहात दोघींकडे हेच काम असायचं, त्यामुळे हातांना काही सांगावं लागलं नाही. ताणायचं, झटकायचं, जवळ यायचं, टोकं एकीनं दुसरीच्या हातात द्यायची, पुन्हा मागं जायचं.

“तुझी वकीलबाई फोनवर फार गोड बोलते,” ताई म्हणाली. “मला वाटलं, विमा विकते की काय.”

“मग काय सांगितलंस?”

“सांगितलं, विमा आहे माझा.”

दोघी जवळ आल्या. ताईनं टोकं घेतली नाहीत.

“मी येणार नाही. भाऊजींना तू ओळखतेस, ते काही म्हणणार नाहीत. त्यांचा प्रश्न नाही.”

“मग?”

“ती मेट्रन म्हणाली होती, खरं बोललीस तर दोघींना दोन ठिकाणी पाठवतील. म्हणून मी जिना म्हटलं. तुझ्या फ्रॉकवरचं रक्त मीच धुतलं त्या दिवशी. गार पाण्यात. गरम पाण्यात डाग पक्का बसतो.”

“एवढंच सांग ना ताई. फ्रॉक, रक्त, गार पाणी. घडलं तेवढंच. वाटलेलं ते विचारतसुद्धा नाहीत.”

“आणि समोरचा वकील विचारेल, तुम्हाला कसं माहीत ती त्या खोलीतून आली?” ताईनं आता टोकं घेतली आणि चादर उगाचच आणखी एकदा दुमडली. “मला कसं माहीत, सांग.”

तिनं दोरीवरचे चिमटे काढून मुठीत धरले.

“तुझं बोलावणं सुरू झालं ना, तेव्हा माझं थांबलं. मला बरं वाटलं होतं गं. पंधरा दिवस मी छान झोपले.” ताईचा आवाज जरासुद्धा हलला नाही. “हे तुला सांगायला मला चाळीस वर्षं लागली. तिथं उभं राहून सांगायला आणखी चाळीस दे.”

खालून मोटारीचा हॉर्न वाजला. ताई कठड्यावरून वाकून कुणाला तरी “आले, आले” म्हणाली. मग उरलेली एक चादर तिनं एकटीनं, हनुवटीखाली धरून घडी केली.

“जेवून जा,” ती म्हणाली.

“नको. काम पडलंय.”

घरी येऊन तिनं वहीत ६ आकडा घातला, पुढं टिंब दिलं आणि वही मिटली.

७.

बुधवारी सकाळी कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा साचा घासताना तिचा हात थांबला. वस्तू. वकीलबाई म्हणाल्या होत्या, माणूस द्या नाहीतर वस्तू.

त्या वेळी दात बसवायचा तर रंग जुळवायला पेशंटलाच लॅबमध्ये धाडत. तिलाही आणलं होतं, याच लॅबमध्ये. आणि लॅबचे मालक, मास्तर, जुना साचा कधी टाकत नसत. लोक जुने फोटो ठेवतात तसे मास्तर जबडे ठेवत.

ती शिडी लावून माळ्यावर चढली. पत्र्याच्या चार पेट्या होत्या. तिसरीत, तळाला, फडक्यात गुंडाळलेला एक वरचा जबडा निघाला. लहान मुलीचा. तिनं तो उलटा केला. प्लास्टर ओलं असताना मास्तरांनी बुडाला खिळ्यानं कोरलं होतं: तारीख, तिचं नाव, वय १२, वसतिगृहाचं नाव. आणि खाली, सोबत: अधीक्षक.

कधीही आवाराबाहेर गेलेले नाहीत.

शिडीच्या वरच्या पायरीवर बसूनच तिनं साचा सुलटा केला. दात तुटलेला नव्हताच. सगळे दात धडधाकट, एका ओळीत. वरचा डावा पुढचा तर नजर लागावी असा.

मग तिला आठवलं. सतरा वर्षांची असताना तो बसवलेला दात हलायला लागला म्हणून ती इथं आली होती. हे दात बनवतात कसे, असं तिनं विचारलं, आणि मास्तरांनी तिला ठेवूनच घेतलं. हात बसावा म्हणून त्यांनी तिला तिचाच साचा दिला. म्हणाले, “परक्याच्या तोंडावर शिकण्यापेक्षा स्वतःच्या तोंडावर शीक.” आठवडाभर ती मेण तापवून थेंब थेंब सोडत होती, कोरत होती, पुसून पुन्हा करत होती. सातव्या दिवशी तो दात असा झाला की मास्तरांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि तिला पक्की नोकरी दिली.

स्वतःचा एकुलता एक पुरावा तिनं स्वतःच्या हातानं दुरुस्त करून ठेवला होता.

मेण निघेल. पण मेण चढवण्याआधी तुटलेली कड कानशीनं घासून सपाट करतात, हा तर या धंद्याचा पहिला धडा. ती घासली होती का? कड घासलेली असेल तर खाली नुसता एक सरळ बुटका खुंट निघणार. असा खुंट मी आजही बनवून आणेन, असं समोरचा वकील म्हणेल.

तिला काही केल्या आठवेना.

८.

मास्तर लॅबच्या वरच्या मजल्यावर राहत. हजारो लोकांना दात देणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड बोळकं होतं. कुणी विचारलं की म्हणत, “दुसऱ्याच्या हातचं मी तोंडात घालत नाही, आणि माझा हात आता कापतो.” हल्ली ते कधी तिला ओळखत, कधी ओळखत नसत.

आजचा दिवस न ओळखण्याचा होता.

“या. कुठल्या डॉक्टरांकडून आलात?” ते म्हणाले.

“मास्तर, मी खालची.”

“खाली सांगून आलात का मग? खाली एक मुलगी असते. चांगली आहे. बोलत नाही फारशी.”

तिनं साचा त्यांच्या मांडीवर ठेवला. मास्तरांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण अंगठ्याला दिसत होतं. अंगठा एकेका दातावरून गेला आणि त्या दातावर येऊन थांबला.

“हा मेणाचा.”

“हो.”

“कुणी केलाय हा? झकास आहे.” अंगठा पुन्हा फिरला. “नवखा हात आहे, पण जीव लावून केलाय. फक्त तेलाचा हात द्यायला विसरलीय पोर.”

प्लास्टरवर आधी तेलाचा हात दिला तर मेणाचा दात पुढं अख्खा उचलता येतो. नाही दिला तर मेण प्लास्टरच्या भोकाभोकांत शिरून बसतं. मग ते उचलून निघत नाही, उकळूनच काढावं लागतं. नवखे हे हमखास विसरतात.

“मास्तर, याची कड मी घासली होती का? मेणाच्या आधी?”

“ते मला कसं कळणार, बाई? तुमचा पेशंट.”

“बरोबर एक माणूस आला होता. रंग जुळवायला. आठवतो?”

मास्तरांनी साचा मांडीवर सरळ ठेवला. “माणसं येतात,” ते म्हणाले. “आम्ही तोंडात बघतो. तोंडावर बघायला वेळ कुठं असतो.”

ती उठली. साचा फडक्यात गुंडाळायला लागली तसा त्यांनी तिचा हात धरला.

“उकळणार आहात?”

“हो.”

“नका हो. कुणाचं तरी पहिलं काम दिसतंय.”

९.

वकीलबाई गुरुवारी दुपारी लॅबमध्ये आल्या. येताना मोबाइलचा स्टँड घेऊन आल्या. सगळं एकाच सलग चित्रणात हवं, मध्ये थांबायचं नाही. आधी मेणासकट साचा सगळ्या बाजूंनी. मग बुडावरची अक्षरं. मग तारखेसाठी आजचा पेपर शेजारी.

“तज्ज्ञाकडून करून घेतलं असतं, पण दिवस नाहीत,” त्या म्हणाल्या. “आणि खरं सांगू का, तुमच्यापेक्षा मोठा तज्ज्ञ मला सापडणारही नाही. खाली काय निघेल?”

“माहीत नाही.”

“सरळ खुंट निघाला तर?”

“मग तुम्ही म्हणाल तसं. नुसता माझा शब्द.”

कॅमेरा चालू झाला. तिनं पाणी उकळलं, पसरट भांड्यात ओतलं आणि साचा चिमट्यात धरून आत सोडला. असे हजारो साचे सोडले होते. मेण वितळून जातं, जायलाच हवं. मेणाचं काम मधल्या दिवसांचं, हे तिनं कितीतरी शिकाऊंना सांगितलं होतं.

आधी दाताच्या कडा ओल्या झाल्यासारख्या दिसल्या. मग तो जरा कलला. वळणं, टोकाची किंचित झीज, सगळं तिनं सतराव्या वर्षी आरशात शेजारचा दात बघून कोरलेलं होतं. ते एक एक करून गुळगुळीत होत गेलं. पाण्यावर एक पिवळसर थेंब आला, मग दुसरा.

तिनं साचा वर काढला. मऊ ब्रशनं उरलेलं मेण धुतलं, पुन्हा गरम पाणी ओतलं, पुन्हा धुतलं. आणि दिव्याखाली धरला.

कड घासलेली नव्हती. वरून खाली तिरपी, कुऱ्हाडीचा घाव बसावा तशी, कोपऱ्यात दाण्याएवढी खाच पडलेली. बाराव्या वर्षी जिभेला रात्रंदिवस लागायची ती हीच खाच. सतराव्या वर्षी तिला तिथं कानस लावणं जमलं नव्हतं. तिनं नुसतंच वरून झाकलं होतं.

“बोला,” वकीलबाई हळूच म्हणाल्या. “काय दिसतंय ते कॅमेऱ्यासाठी सांगा.”

तिनं सांगितलं, रोज डॉक्टरांना फोनवर सांगते त्याच आवाजात. “वरचा जबडा. लहान वय. डावीकडचा पुढचा दात तुटलेला. तुटलेली कड आहे तशी आहे.” मग म्हणाली, “माझा आहे.”

१०.

शुक्रवारी कोर्टाच्या खिडकीवर लांब रांग होती. खिडकीतल्या कारकुनानं दावा उलटसुलट चाळला. वादीच्या नावाच्या जागी एक अक्षर होतं, त्याचं त्याला काही वाटलं नाही. पुराव्यांच्या यादीवर त्याचं बोट थांबलं.

“एक साचा? कसला, मूर्तीचा?”

“दातांचा,” वकीलबाई म्हणाल्या.

“कागदाला भोक पाडून फाइलला लावतो आम्ही. याला कुठं लावू?” असं म्हणत त्यानं साच्याचा डबा घेतला, उघडून आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. “लहान आहे हो.”

मग पुन्हा पानं चाळली.

“बाई, पाचनंतर एकदम सात आलाय. सहा कुठं गेला?”

वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं. छापताना त्यांनी नंबर सरळ करून घेतले होते. तिनंच ते पुन्हा पहिल्यासारखे करायला लावले होते. सहा आकडा, टिंब, आणि चार ओळींची मोकळी जागा. कायद्यात हे बसतं का, असं वकीलबाईंनी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, मला काय ठाऊक, वकील तुम्ही.

“आहे की सहा,” ती आता म्हणाली. “बघा ना. रिकामा आहे.”

“चुकून राहिला?”

“नाही. ठेवलाय.”

कारकुनानं मागच्या रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. “हरकत निघेल याच्यावर,” तो म्हणाला आणि शिक्का मारला.

पायऱ्यांवर वकीलबाई आपल्या दुसऱ्या एका अशिलाच्या मागं धावल्या. तिनं ताईला फोन लावला. बराच वेळ वाजला. कुणी उचलला नाही.

११.

लॅबमध्ये आली तेव्हा साडेतीन झाले होते. कालचं भांडं टेबलावर तसंच होतं. पाणी गार झालं होतं आणि त्यावर मेण गोठून पापुद्रा धरला होता. नखाएवढा, पातळ, मध्ये प्लास्टरचा एक पांढरा कण अडकलेला. आठवडाभराचं काम ते.

वाया घालवायचं नाही, अशी लॅबची रीत होती. तिनं पापुद्रा दोन बोटांनी अलगद उचलला, पाणी झटकलं, कण सुईनं काढला आणि पापुद्रा उरल्यासुरल्या मेणाच्या डब्यात टाकला. डब्यातल्या इतर तुकड्यांत तो लगेच ओळखू येईनासा झाला.

मग तिनं नवा साचा ओढला. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती: वरचे पुढचे चार. पेशंटला घाई आहे.

तिनं स्पिरिटचा दिवा लावला, डब्यातलं मेण थोडं चमच्यात घेतलं, आणि ते पातळ होईपर्यंत प्लास्टरवर बोटानं तेलाचा हात दिला.